एक खोली, एक रात्र, एक आरोपी : पोलिस चौकशीवर नाटक लिहितोय, मदत हवी

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

एक दीर्घांक लिहायला घेतलाय. सबंध प्रयोग पोलिस ठाण्यातल्या एका खोलीत, एका रात्रीत घडतो. पात्रं तीन. तपास करणारा पोलिस निरीक्षक, अटक झालेला चाळिशीतला हिशेबनीस, आणि कोपऱ्यात कीबोर्ड बडवणारा हवालदार, ज्याला जवळपास संवादच नाहीत. हिशेबनिसाचा धंद्यातला भागीदार आठवडाभर बेपत्ता आहे. गोदामात रक्ताचे डाग सापडलेत, प्रेत सापडलेलं नाही. सकाळी आरोपीला कोर्टात हजर करायचंय, म्हणजे साहेबाच्या हातात एवढी एकच रात्र.

मला हाणामारी अजिबात नकोय. पट्टा, टायर, उलटं टांगणं यातलं काही नाही. दोन माणसं बोलतात आणि त्या बोलण्यातूनच एकजण हळूहळू कोसळत जातो, बस. पहाटे पाचच्या सुमारास आरोपी फुटतो, "हो, मीच मारलं त्याला" म्हणतो, आणि ब्लॅकआउट.

विचारायचं असं, की पोलिसाला आरोपीशी खोटं बोलता येतं का ("तुझ्या बायकोने सगळं सांगितलंय" छापाचं)? वकील आत बसू शकतो का? आणि मारहाण काढून टाकली तर खोलीतला ताण कशाच्या जोरावर टिकवायचा? जाणकारांनी लिहावं.

मृगजळ

बीज आवडलं. एक विनंती, ती एकतर्फी काच आणि टेबलावर झुलणारा एकुलता एक दिवा टाळा. आणि निरीक्षकाला घटस्फोटित, दारुडा, झोप उडालेला करू नका. एखादा पोलिस घरी सुखात आहे असं दाखवायला लेखकांना काय होतं कळत नाही.

शेवटाबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. तुमचा ब्लॅकआउट मला पहिल्या परिच्छेदातच दिसला. प्रेक्षकालाही दिसेल.

उलटतपासणी

फौजदारी वकिली करते, त्यामुळे हा धागा सोडवेना.

तिसरी घंटा (ति.घं.), तुमच्या ब्लॅकआउटच्या वाक्याची आपल्या कोर्टात किंमत शून्य आहे. अतिशयोक्ती नाही, अक्षरशः शून्य. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हीच तरतूद कलम २३ मध्ये आहे. लोकांना वाटतं की मारून घेतलेला कबुलीजबाब चालत नाही. तसं नाही. अगदी राजीखुशीने, रडत, पश्चात्तापाने दिलेलाही चालत नाही. आरोपी कोठडीत असेल तर पोलिसच कशाला, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यापाशी कबुली दिली तरी ती बाद, मॅजिस्ट्रेट तिथे समोर हजर असल्याशिवाय.

अघनू नागेशियाचं प्रकरण वाचा, एआयआर (निकाल छापणारं नियतकालिक) १९६६ मध्ये छापलंय. हा माणूस स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेला आणि आपण चार जणांना मारलं अशी फिर्याद त्याने स्वतःच दिली. सुप्रीम कोर्टाने त्या फिर्यादीतला कबुलीचा सगळा भाग वगळला. प्रेतं त्याने दाखवली होती, तेवढा भाग राहिला, पण केवळ तेवढ्यावर शिक्षा टिकेना. सुटला.

आता याला एक फट आहे, आणि माझ्या मते तुमचं नाटक त्या फटीत आहे. जुन्या कायद्याचं कलम २७, आता कलम २३ चंच परंतुक. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीला आली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढाच तुकडा पुराव्यात घेता येतो. यावरचा पाया रचणारा निकाल प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजी अमलातलं अपिलाचं शेवटचं कोर्ट) आहे, पुलुकुरी कोट्टया, एआयआर १९४७. त्यात चाकूचं उदाहरण दिलंय. आरोपी म्हणतो, "घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो." हे चालतं. "त्याच चाकूने मी अमक्याला भोसकलं" असं पुढे जोडलं, तर तो जोड कापून टाकायचा. कोर्टाचं म्हणणं फार मजेदार आहे. चाकूचा शोध माणसाला कधीच लागलाय, इथे शोध लागतो तो चाकू तिथे आहे हे याला ठाऊक होतं, या गोष्टीचा.

म्हणजे एकाच दमात बोललेल्या वाक्याचे दोन तुकडे होतात. खुनाचा तुकडा टोपलीत आणि पत्त्याचा तुकडा कोर्टात. तुमच्या साहेबाला "मीच मारलं" नकोच आहे. त्याला "दाखवतो" हवंय. आणि हे साहेबाला माहीत आहे, आरोपीला माहीत नाही. किंवा त्याहून वाईट, दोघांनाही माहीत आहे.

बाकीचे प्रश्न. वकिलाचं उत्तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३८ मध्ये आहे (पूर्वीचं सीआरपीसी ४१-ड). चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, पण चौकशीभर नाही. व्यवहारात वकील दिसेल एवढ्या अंतरावर, ऐकू येणार नाही अशा बेताने बसवतात. रंगमंचाला हे वरदान आहे, वापरा.

खोटं बोलण्याबद्दल. अमेरिकेत फ्रेझियर विरुद्ध कप या १९६९ च्या निकालाने पोलिसांच्या थापांना बरीच मोकळीक मिळाली, आणि आपण पडद्यावर पाहतो त्या निम्म्या युक्त्या तिथून आल्यात. आपल्याकडे कबुलीच बाद असल्याने थापेने ती मिळवून उपयोग नाही. थाप मारायचीच तर माल कुठे आहे ते काढण्यासाठी.

आणि "एकच रात्र" हे गणित जरा तपासा. २४ तासांत हजर करावं लागतं हे बरोबर, पण मॅजिस्ट्रेट पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, देऊ शकतो, एकूण १५ दिवसांपर्यंत. पहिल्या रात्रीचं महत्त्व वेगळं आहे. त्या रात्री आरोपी बहुधा वकिलाला नीट भेटलेला नसतो.

तिसरी घंटा

ताई, सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. पण मी भांडणार आहे.

प्रेक्षक कायद्याचं पुस्तक वाचून नाट्यगृहात येत नाही. दीड तास तो एका माणसाच्या तोंडाकडे बघतोय. त्याला ते वाक्य ऐकायचंय. ते कोर्टात टिकेल की नाही याचं त्याला काय? कबुली ही कायद्याच्या आधी माणसाची गरज आहे. आतलं बाहेर काढल्यावर जो श्वास सुटतो, तो मला हवाय. "छपरातला चाकू काढून देतो" यावर टाळी येत नाही हो.

मृगजळ

टाळी कशाला हवी पण? शेवटी टाळीच हवी असेल तर प्रहसन लिहा. (हलके घ्या.)

निवृत्त रायटर

बरीच वर्षं गुन्हे शाखेत आणि ठाण्यांत रायटर, म्हणजे जबाब-पंचनामे लिहिणारा, म्हणून काम केलंय. तुमचा तो "संवाद नसलेला हवालदार" म्हणजे मीच. तेव्हा माझ्या पात्रावर अन्याय होतोय म्हणून लिहितो.

आधी खोली. वेगळी चौकशीची खोली मी फार कमी ठाण्यांत पाहिली. डीबीची खोली असते, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाची. तिथे दोन टेबलं, तीन जातींच्या पाच खुर्च्या, लोखंडी कपाट, कपाटावर नंबर टाकलेल्या मुद्देमालाच्या पिशव्या, आणि दारातून दर पाच मिनिटांनी कुणीतरी डोकावणार. "साहेब, बंदोबस्ताची यादी." "साहेब, मिसिंगवाले आलेत." तुमचं नाटक बंद खोलीत आहे, पण खरी चौकशी सतत तुटत असते. आरोपी फुटायच्या बेतात येतो आणि त्याच क्षणी कुणीतरी सही मागायला येतं. चांगला साहेब ते तुटणं वापरतो. उठून बाहेर जातो. आरोपी आणि रायटर दोघेच उरतात. आरोपी रायटरला विचारतो, "काय होईल हो माझं?" हे प्रत्येक वेळी. मी काय बोलायचं ते साहेबांनी आधी सांगितलेलं असायचं, किंवा काहीच बोलायचं नाही हे सांगितलेलं असायचं.

ओरडणारा साहेब कच्चा. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते तीन-चार तास गुन्ह्याचं नावच काढायचे नाहीत. गाव कुठलं, शाळा कुठली, बहिणीचं लग्न कधी झालं, कर्ज कुणाचं घेतलं. आरोपी आधी सावध असतो, मग कंटाळतो, मग बोलायला लागतो. मग "त्या दिवशी" चा पाढा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. पुन्हा एकदा. मग उलटा, रात्रीपासून सकाळपर्यंत. खरं घडलेलं माणूस उलटं सांगताना अडखळतो, पुढे-मागे करतो, मध्येच "नाही नाही, त्याच्या आधी" म्हणतो. पाठ केलेलं सांगणारा दर वेळी त्याच शब्दांत सांगतो. आमचा हा ठोकताळा, शास्त्र काय म्हणतं ते शास्त्रवाल्यांनी सांगावं.

आता लिहिण्याचं. लोकांना वाटतं आरोपी बोलतो ते आम्ही उतरवतो. आरोपी बोलतो, "साहेब, तो माझ्या डोक्यावर बसला होता हो, रोज पैसे, रोज पैसे, माझं डोकंच फिरलं." कागदावर येतं, "सदर इसमासोबत आर्थिक व्यवहाराचे कारणावरून वाद असल्याचे सांगतो." त्याचा राग, रडणं, शिव्या, सगळं गळून जातं. निवेदन पंचनाम्याची भाषा तर छापील. "आरोपी याने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले की, गुन्ह्यात वापरलेले हत्यार मी लपवून ठेवले असून ते ठिकाण दाखवतो, माझ्यासोबत चला." पीएच.डी. झालेला आरोपी असो की अंगठेबहाद्दर, सगळे हेच बोलतात. वकील लोक यावरच आम्हाला सोलतात आणि ते बरोबरच करतात.

एक बारीक गोष्ट सांगतो, तुमच्या कामाची आहे. आरोपी साहेबांच्या आवाजाला जेवढा घाबरत नाही तेवढा कीबोर्डला घाबरतो. तो काहीतरी साधं बोलतो आणि मी जोरात टाइप करायला लागतो. तो लगेच माझ्याकडे बघतो. यात लिहिण्यासारखं काय होतं? पुढे तो खरंच महत्त्वाचं बोलतो आणि मी हात मांडीवर ठेवून बसतो. तेव्हा तर तो हादरतोच. संवाद नसले तरी चालतील, पण माझ्या कीबोर्डला नाटकात जागा द्या.

उलटतपासणी

काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. पुढच्या उलटतपासणीत उपयोगी पडेल. (हलकेच घ्या.)

रोखठोक

सगळं वाचलं. म्हणजे एखाद्या नराधमाने खून केला, तोंडाने कबूल केला, तरी कोर्ट कानात बोळे घालून बसणार? असल्या कायद्यांमुळेच गुन्हेगार सुटतात. दोन फटके दिले की पोपटासारखे बोलतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. निरपराध माणूस कशाला कबुली देईल? मी तर मेलो तरी न केलेला खून कबूल करणार नाही.

अर्धजागृत

रोखठोक, शेवटच्या वाक्यावरच लिहितो, कारण माझा विषय मानसशास्त्र आहे आणि हे वाक्य वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच.

१९९६ मध्ये अमेरिकेत कॅसिन आणि किशेल यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरं टाइप करायला दिली आणि बजावलं की 'ऑल्ट' ही कळ दाबू नका, यंत्र बंद पडेल. थोड्या वेळाने यंत्र बंद पडलं. ते मुद्दाम पाडलेलं होतं, कुणीही ती कळ दाबलेली नव्हती. मग प्रत्येकावर आरोप केला, "तू दाबलीस." ६९ टक्के मुलांनी लेखी कबुलीवर सही केली. २८ टक्क्यांना आपणच ती दाबली असं मनापासून वाटायला लागलं. ९ टक्क्यांनी ती कशी दाबली गेली याचे तपशीलसुद्धा रचून सांगितले. त्यात एक गट असा होता की टाइप करण्याचा वेग जास्त ठेवला होता आणि "मी हिला दाबताना पाहिलं" म्हणणारा खोटा साक्षीदार शेजारी होता. त्या गटात सगळ्यांनी सही केली. सगळ्यांनी. ना फटका, ना कोठडी, ना भूक.

यंत्र बंद पाडणं आणि खून यात अंतर आहे, मान्य. पण खुनाचीही उदाहरणं आहेत. १९७२ मध्ये लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेटचा खून झाला. तीन मुलांनी कबुली दिली, त्यांना शिक्षाही झाली. १९७५ मध्ये ती रद्द झाली, कारण मृत्यूची वेळच त्यांच्या कबुलीशी जुळत नव्हती. त्या प्रकरणाच्या धक्क्यातून पुढे १९८४ चा ब्रिटिश पोलिस पुरावा कायदा आला, चौकशीचं ध्वनिमुद्रण आलं, आणि १९९० च्या दशकात तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धतच बदलली. आरोपीने कबूल करावं हा हेतू बाजूला ठेवून माहिती गोळा करणं हा हेतू धरला. मोकळे प्रश्न, न तोडता ऐकणं, मग विसंगती दाखवणं. काकांनी वर "गाव कुठलं, शाळा कुठली" म्हणून जे सांगितलं ते याच्या बरंच जवळ आहे. उलटा क्रमही तसाच, खोटं बोलणाऱ्यावर ताण वाढवायला संशोधक तो वापरतात.

आणि "मला डोळ्यांत बघून कळतं" म्हणणाऱ्यांसाठी. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसांनी सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. छापा-काटा केला तर ५०. नजर चुकवणं, घाम येणं, पाय हलवणं हे सगळं निरपराध माणूसही करतो, कारण तो पोलिस ठाण्यात बसलेला असतो.

ति.घं., तुमच्या नाटकात मला हे दिसायला आवडेल. साहेबाला खात्री आहे, आणि ती खात्रीच चौकशी चालवते. प्रत्येक उत्तर तो त्या खात्रीत बसवतो. शांत बसला, तर निगरगट्ट. रडला, तर पश्चात्ताप. चिडला, तर पकडला गेला. बाहेर यायला वाटच नाही. आरोपी निरपराध आहे की नाही हे तुम्ही ठरवलंय का? तुमच्या पहिल्या प्रतिसादात ते कुठेच लिहिलेलं नाही.

उलटतपासणी

रोखठोक यांना थोडं. इंग्रजांनी कबुली बाद केली ती आरोपीवरच्या प्रेमापोटी नाही. आपल्याच पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता. १८६० च्या दंड संहितेत कबुलीसाठी दुखापत करणं हा स्वतंत्र गुन्हा होता, कलम ३३०, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याखाली दिलेलं पहिलंच उदाहरण छळ करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याचं आहे. आता तो न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये आहे. डी. के. बसू निकालातली अटकेची सूत्रं, परमवीर सिंग सैनी या २०२० च्या निकालातला ठाण्याठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही लावण्याचा आदेश, हे सगळं त्याच अविश्वासाचं पुढचं टोक.

आणि कबुली अजिबातच चालत नाही असंही नाही. मॅजिस्ट्रेटसमोर देता येते (पूर्वीचं सीआरपीसी कलम १६४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८३). पण तिथे मॅजिस्ट्रेटने आरोपीला आधी सांगावं लागतं की तू बांधील नाहीस, आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तो "नको" म्हणाला तर त्याला पुन्हा पोलिस कोठडीत पाठवता येत नाही. शिवाय आपल्या महाराष्ट्राचाच १९९९ चा मोक्का. त्याच्या कलम १८ खाली पोलिस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुराव्यात येते, सहआरोपीविरुद्धसुद्धा. संघटित गुन्हेगारी लागते त्याला. तुमचा हिशेबनीस मोक्कात बसत नाही, त्यामुळे साहेबाला ती वाट नाही.

गंमत_जंमत

अवांतर : नार्को करा की. इंजेक्शन टोचलं, सत्य बाहेर. दहा मिनिटांत नाटक संपेल, बस पकडता येईल.

उलटतपासणी

सेल्वी विरुद्ध कर्नाटक, २०१०. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग काहीच नाही. संमतीने केली तरी निष्कर्ष हा पुरावा नाही, त्यातून काही सापडलं तरच पुन्हा ते कलम २७. सगळे रस्ते तिथेच येतात बघा.

तिसरी घंटा

अर्धजागृत, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. मी ठरवलेलं नव्हतं. म्हणजे मनात होतं की त्यानेच मारलंय, पण लिहिताना कुठेच तपासलं नव्हतं. आता वाटतंय ते प्रेक्षकालाही शेवटपर्यंत कळू नये. "दाखवतो" म्हणणाऱ्याला जागा ठाऊक आहे, एवढंच सिद्ध होतं. मारलं कुणी, हे नाही.

ताईंशी अजून भांडण चालूच आहे, पण दुसऱ्या प्रवेशाचा तुकडा नव्याने लिहिलाय. टाकतो, झोडपा.

निरीक्षक : सोमवारी गोदामाचं कुलूप बदललंत.

आरोपी : जुनं गंजलं होतं.

निरीक्षक : नव्याची पावती फायलीत आहे. चार रुपयांच्या खिळ्यांची पण आहे. सगळ्याची असते तुमच्याकडे.

आरोपी : सवय आहे.

निरीक्षक : चांगली सवय. मंगळवारी गाडीत पेट्रोल भरलंत, त्याची नाही.

(कीबोर्ड थांबतो.)

आरोपी : हे का थांबले?

निरीक्षक : तुम्ही थांबलात म्हणून.

आरोपी : मी आतापर्यंत बोललो ते सगळं लिहिलंय?

निरीक्षक : लागेल तेवढं.

आरोपी : आणि मीच मारलं म्हणालो, तर तेही लिहाल?

निरीक्षक : ते नका सांगू मला. तुमचे वकील पाच मिनिटांत पुसतील ते. पेट्रोल कुठवर पुरलं, तेवढं सांगा.

मृगजळ

हे झालं! "ते नका सांगू मला" ला माझ्या अंगावर काटा आला. कबुली द्यायला आलेल्या माणसाला पोलिसच अडवतोय. श्वास सुटायचा म्हणालात ना तुम्ही, तो सुटूच दिला नाहीत. आता टाळीचं नाव काढू नका.

अर्धजागृत

पावतीचा वापर उत्तम. आरोपीच्याच स्वभावातून विसंगती काढली, बाहेरून थाप मारावी लागली नाही. फक्त पेट्रोलची पावती हरवण्याचं एक साधं, निष्पाप कारणही असू शकतं एवढी जागा पुढे ठेवा. साहेबाला ते कारण सुचू नये.

निवृत्त रायटर

तुकडा चांगला आहे. "लागेल तेवढं" हे तर आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्य.

पण पुढे घोटाळा होणार बघा. आता हा पहाटे "दाखवतो" म्हणेल. म्हणून चालत नाही, पंचांसमोर म्हणावं लागतं. दोन पंच आधी ठाण्यात आणायचे, त्यांना ओळख करून द्यायची, मग आरोपीने त्यांच्यासमोर निवेदन करायचं, ते लिहायचं, सह्या घ्यायच्या, मग आरोपी पुढे आणि सगळे मागे अशी वरात निघायची. हल्ली जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरणही करावं लागतं. पहाटे साडेतीनला पंच कुठून आणणार? मी आणलेत. रिक्षा स्टँडवरून, हॉस्पिटलच्या दारातून, दूध टाकायला निघालेल्यांना सायकलवरून उतरवून. आणि ते येईपर्यंतचा पाऊण तास आरोपीला बोलू द्यायचं नाही आणि मन बदलू द्यायचं नाही. नुसतं धरून ठेवायचं. माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड वेळ हाच. साहेब क्रिकेटवर बोलायचे.

उलटतपासणी

आणि हेच बहुतेक वेळा उलट झालेलं असतं. आरोपी आधी बोलून मोकळा होतो, जागा कळते, मग पंच आणून सगळं पुन्हा वदवून घेतात. रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, २०२२. तिथे सुप्रीम कोर्टाने हा क्रम नीट उलगडून सांगितलाय. पंच आधी, निवेदन नंतर, आणि तेही आरोपीच्याच शब्दांत. काकांच्या छापील भाषेत नव्हे.

ति.घं., तुमचा शेवट घ्या. साहेबाला जागा कळलीय. पंच अजून यायचेत. कायद्याने आरोपीने अजून काहीच सांगितलेलं नाही. या पाऊण तासात आरोपी म्हणाला, "मी काही बोललोच नव्हतो", तर?

तिसरी घंटा

बाप रे. म्हणजे शेवटचा प्रवेश कबुलीनंतरचा. ज्याचा त्याला उच्चार करायचा आहे ते वाक्य त्याने आधीच उच्चारलंय, आणि साहेबाला ते पुन्हा पहिल्यांदा ऐकायचंय. आणि साहेब क्रिकेटवर बोलतोय.

भांडण मागे घेतो, ताई. चौथं पात्र आणतो, पंच. एकच दाखवला तर चालेल ना? दुसरा बाहेर गाडीत. आणि त्याला संवाद काय द्यावेत?

निवृत्त रायटर

एकच प्रश्न विचारतात सगळे. "किती वेळ लागेल? मला कामावर जायचंय." त्यानंतर आरोपीकडे बघतात आणि गप्प होतात. दुसरा प्रश्न सही करताना. "कोर्टात यावं लागेल का?" आम्ही म्हणायचो, "बघू."

रोखठोक

मला कायदा अजूनही पटलेला नाही. पण प्रयोग लागला तर कळवा, येईन.

उलटतपासणी

पंचाला धोरणाने निवडा. काही वर्षांनी तो साक्षीला येईल तेव्हा मी विचारणार आहे, "तुम्ही आत आलात तेव्हा कागद कोरा होता की लिहिलेला?" त्याचं उत्तर त्या रात्री त्याने काय पाहिलं यावर ठरेल, तेव्हा संगणकाचा पडदा पंचाला दिसेल असा मांडा. नेपथ्यकाराला आत्ताच सांगून ठेवा.

तिसरी घंटा

सांगतो. काका, शेवटचं. पंच कोण ठेवू? रिक्षावाला, दूधवाला?

निवृत्त रायटर

गंभीर गुन्ह्यात हल्ली सरकारी कर्मचारी घेतात. फितूर व्हायची भीती कमी. नगरपालिकेचा पाणीपुरवठ्यातला माणूस ठेवा, पहाटे व्हॉल्व्ह सोडायला उठलेलाच असतो. आणि त्याच्या हातात ती लांब लोखंडी चावी राहू दे. ठाण्यात शिरताना कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही, शेवटी टेबलावर ठेवतो, मुद्देमालाच्या शेजारी. मग ती जप्तीत जाऊ नये म्हणून मला दोनदा सांगतो.